राक्षस लिहायचाय? मग आधी हे करून बघा

तुमच्या फॅन्टसीतला राक्षस अजून नुसता गुरगुरतोय, की लहानपणी कोणीतरी छळलं म्हणून बिचारा असा झालाय? मी दोन्ही टाइपचे लिहिलेत आणि दोन्ही आपटलेत, म्हणून काय उपयोगी पडलं ते सांगते.

पहिलं म्हणजे गोष्ट कोण सांगतंय ते बघा. 1897 च्या ड्रॅक्युलात सगळे जण डायऱ्या लिहितात, पत्रं लिहितात, तारा करतात, पण ज्याच्या नावाची कादंबरी त्या रक्तपिपासू काउंटला, म्हणजे व्हॅम्पायरला, स्वतःचं एक पान नाही. आणि 1976 मध्ये ॲन राइस या लेखिकेच्या कादंबरीतला व्हॅम्पायर एका पोराच्या टेपरेकॉर्डरसमोर बसून स्वतःची अख्खी कहाणी सांगतो. मधल्या काळात माइक त्याच्या हातात आला, एवढाच काय तो बदल. तर तुमचा सगळ्यात भीतीदायक सीन घ्या आणि तो राक्षसाच्या बाजूने एक पान लिहा. हे पान कथेत टाकायचं नाही हां, फक्त लिहून ठेवायचं.

पण पूर्वीचे राक्षस वाईट आणि आताचे समजूतदार असं सरळ गणित करू नका. मेरी शेलीच्या फ्रँकेन्स्टाइनमधला जीव 1818 मध्येच पानंच्या पानं बोलतो, एका खोपटात लपून भिंतीच्या फटीतून शेजारच्या कुटुंबाला बघत बघत भाषा शिकतो, रात्री गुपचूप त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. घरातला आंधळा म्हातारा त्याच्याशी नीट बोलतो कारण त्याला दिसत नाही, आणि मुलगा आत येतो तो थेट काठीच घालतो. पुढे हाच जीव एका लहान मुलाचा गळा दाबतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसात (माणूसच म्हणते मी त्याला), लेखिका कुठलीच लपवत नाही. आणि 1931 च्या सिनेमाने काय केलं तर त्याची भाषाच काढून घेतली, नुसतं हुंकार देणारं धूड उरलं, आणि आपल्या डोक्यात बसलं ते तेच.

दुसरं, राक्षसाला रोजची कटकट द्या. टॉल्किनच्या टू टॉवर्स कादंबरीत शॅग्राट आणि गॉर्बाग हे दोन ऑर्क, म्हणजे खलनायकाचे राक्षसी सैनिक, गप्पा मारतात, वरच्या साहेबांना शिव्या घालतात, युद्ध संपलं की चार भरवशाची पोरं घेऊन कुठेतरी लांब स्वतःचा धंदा टाकू म्हणतात, लूटमारीचाच अर्थात. चहाच्या टपरीवर ऐकू येईल असं बोलणं आहे ते! ते चांगले होत नाहीत, नीचच राहतात, पण खरे वाटतात.

इथेच अख्ख्या जमातीचा प्रश्न येतो. ऑर्क जन्मतःच वाईट का, हे कोडं खुद्द टॉल्किनला शेवटपर्यंत धड सुटलं नाही. वॉरक्राफ्ट गेममध्ये 1994 ला ऑर्क म्हणजे चाल करून आलेले शत्रू, 2002 च्या तिसऱ्या भागात थ्रॉल नावाचा ऑर्क हिरोंपैकी एक. डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग गेमवाल्यांनीही 2020 मध्ये जाहीर केलं की ऑर्क इतर लोकांइतकेच गुंतागुंतीचे दाखवू. माझी सोपी टेस्ट अशी: तुमच्या राक्षसांच्या वस्तीत पोरं आहेत का, स्वयंपाक कोण करतं, म्हातारे कुठे बसतात? उत्तर नसेल तर ती जमात नाही, हिरोने कापायला ठेवलेला भाजीपाला आहे.

आपल्याकडचं भूत घेणार असाल तर त्याला ऑर्कचे कपडे घालू नका. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाला, म्हणजे वेताळाला, केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात, तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, पण तिथे तो चांगला की वाईट हे कोणी विचारत बसत नाही, त्याच्याशी देणंघेणं असतं. हे असं नातं उसनं आणलेल्या ड्रॅगनला येणार नाही.

आता माझी चूक. मी हडळ लिहिली, बाळंतपणात गेलेली बाई, आणि तिच्या दुःखाची तीन पानं भरली, सासू, नवरा, वेळेवर न आलेली सुईण, सगळं. ताईने वाचलं आणि म्हणाली, "अगं रडू आलं मला, पण रात्री झोपही मस्त लागली." म्हणजे बोंबलली की कथा. मग तिन्ही पानं उडवली आणि एकच गोष्ट ठेवली: ज्या घरात बाळंतीण असेल तिथे ती रात्री मागच्या दाराशी येते आणि हळूच विचारते, "शेगडी पेटलीय का गं? मलापण शेक घ्यायचाय." बस. कोण गेली, कशी गेली, काही नाही.

ताईचा रात्री साडेअकराला फोन, आईला सांग मागचं दार लावून घ्यायला.