पहिलाच किल्ला करताय? मग लोहगड करा

सहामाहीचा शेवटचा पेपर व्हायच्या आतच आमच्या इमारतीतली पोरं मला जिन्यात गाठतात. "काकू, यंदा दिवाळीला किल्ला कुठला करायचा?" ज्यांनी आजवर मातीत हात घातलेला नाही, त्यांना माझं उत्तर ठरलेलं असतं, लोहगड. मातीचा ढीग आणि त्यावर चार बुरूज असा मनाने रचलेला किल्ला केला, की मुलं अर्ध्या तासात कंटाळतात. खरा किल्ला घेतला की भांडायला मुद्दे मिळतात, आणि भांडणात दुपार छान जाते.

लोहगड अशासाठी, की लोणावळ्याजवळच्या मळवलीला लोकलमधून उतरून चालत जाता येतं, वर पायऱ्या आहेत, आणि लहान मूलही गड चढून येतं. शिवाय विंचूकाट्यामुळे तो लांबूनही ओळखू येतो. विंचूकाटा म्हणजे सुमारे दीड किलोमीटर लांबीची डोंगराची चिंचोळी सोंड. ती जमली की बाकी काही चुकलं तरी येणारा-जाणारा म्हणतोच, "अरे, लोहगड!" २०२५ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे, हे मुलांना सांगून ठेवा. पाहुण्यांना माहिती देताना ती ऐटीत सांगतात. राजगडाच्या तीन माच्या आणि वर बालेकिल्ला, हे पुढच्या वर्षी.

सुरुवात वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी करा. हिरवळ उगवायला तेवढे दिवस लागतातच. जागा चार फूट बाय तीन फूट पुरे, पण पार्किंगमध्ये करणार असाल तर आधी सगळ्यांना विचारा, आणि खाली जुना फ्लेक्स अंथरा. सामान म्हणजे पंधराएक विटा, थोडे दगड, चार-पाच घमेली चाळलेली माती आणि दोन गोणपाटं. गोणपाट धान्याच्या दुकानात मागितलं तर मिळतं. प्लास्टिकची पोती घेऊ नका, त्यांना चिखल धरत नाही.

विटा-दगड रचून मधे गडाचा माथा उंच करा आणि एका अंगाने विटांची एकेरी रांग लांबवर न्या. हाच विंचूकाटा. मुलं तो हमखास रुंद करतात, कारण त्यावर मावळे उभे करायचे असतात. करू देऊ नका. मग घमेल्यात चिखल कालवा, भज्यांच्या पिठाइतका दाट. गोणपाट त्यात पूर्ण बुडवून, दोघांनी चार टोकं धरून, विटांवर अलगद सोडायचं. आता घाई नको. ओल्या गोणपाटाला जिथे चुण्या पडतात तिथे आपोआप घळी आणि सोंडा तयार होतात. बोटांनी चुणी चिमटीत धरून वर ओढली की कडा उभा राहतो, तळहाताने दाबली की उतार होतो. हे काम सगळ्यात लहान मुलाला द्या, त्याचे हात मोठ्यांपेक्षा बरे चालतात. वरून आणखी एक चिखलाचा हात फिरवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी भेगा दिसतील, त्या पातळ चिखलाने बुजवायच्या.

बुरुजांसाठी औषधाच्या बाटलीची झाकणं साच्यासारखी वापरा. झाकणात घट्ट माती भरायची आणि उलटं आपटायचं. दोन बुरुजांमध्ये मातीची वळी लावून तटबंदी करा. पायऱ्यांना आइसक्रीमची लाकडी काडी आडवी दाबली की झालं. लोहगडाला दरवाजे चार आहेत. खालून वर जाताना गणेश, नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा. काडेपेटीच्या पुठ्ठ्याच्या कमानी करून त्या मातीत रोवा, पण सरळ रेषेत नव्हे. वाट नागमोडीच हवी. शत्रूला धावत येता येऊ नये आणि प्रत्येक वळणावर वरून मारा करता यावा म्हणून ती तशी आहे. एकदा मुलांना बोटं चालवत वर जायला सांगा, लगेच कळतं. माथ्यावर नाना फडणवीसांनी बांधलेलं सोळाकोनी तळं आहे. त्यासाठी नारळाची करवंटी पुरा आणि काठाला मातीचे कोपरे काढा. सोळा मोजत बसायचं काम एखाद्या काटेकोर पोरीला द्या.

पेरायला अळीव घ्या. गहू टाकला तर उंदीर येतात. अळिवाचं बी ओलं झालं की बुळबुळीत होऊन मातीला चिकटतं, म्हणून उतारावरून घरंगळत नाही. माती ओली करा, कोरडं बी चिमटीने भुरभुरवा, वर माती घालू नका. कड्यांचा भाग कातळ म्हणून मोकळा ठेवा, नाहीतर सगळी टेकडी हिरवी होते आणि गड दिसेनासा होतो. पहिले दोन दिवस ओलं सुती फडकं झाकून ठेवलं तर चिमण्या बी टिपत नाहीत. पाणी हाताने शिंपडा. मुलं कौतुकाने तांब्याच ओततात आणि तट वाहून जातो. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात, पाचव्या दिवशी हिरवा गालिचा. परतीचा पाऊस संध्याकाळी कधीही येतो, तेव्हा झाकायला प्लास्टिकचा कागद जवळ असू द्या.

महाराज, मावळे आणि गवळणी मातीच्याच घ्या. पुण्यात कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात मिळतात. मावळा दरवाज्यापेक्षा उंच निघतो, त्याची काळजी करू नका, सगळ्यांच्याच किल्ल्यावर तसं असतं. प्लास्टिकचा रणगाडा ठेवू का, असंही कुणीतरी विचारेल. माझ्या किल्ल्यावर परवानगी नाही, तुमचं तुम्ही बघा.

पणत्या पायथ्याला, सपाट जागी ठेवा. गोणपाटाची उघडी टोकं आधी मातीखाली दाबून टाका, ती पेट घेतात. शेवटी सुतळी बॉम्ब लावून किल्ला उडवायची टूम निघते, तिला मी साफ नकार देते. मातीतले खडे डोळ्यात उडतात. तुळशीच्या लग्नानंतर विटा परत करा, गोणपाट धुऊन वाळवा आणि माती अळिवासकट कुंड्यांत भरा.