आखाजीच्या आधी: प्रोसेसरची पेस्ट बदलायची तयारी

एप्रिल उजाडला की जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात 45 च्या घरात जाऊन बसतो. पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरवर बसलेला, उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) मिळून प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. खोली 15 अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर चढतो. जानेवारीत 70 अंशांवर निवांत चालणारा संगणक मे महिन्याच्या दुपारी 85 दाखवतो तो त्यामुळेच. म्हणून पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लावलेला उष्णता वाहून नेणारा लेप, बदलायची असेल तर आखाजीच्या आधी, जमल्यास मार्चमध्येच उरकून घ्या.

पण बदलायची गरज आहे का, हे आधी मोजा. कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटर हा प्रोसेसरचं तापमान दाखवणारा प्रोग्राम टाका, दहा-पंधरा मिनिटं जड काम चालवा, आकडा लिहून ठेवा आणि शेजारी खोलीचं तापमानही लिहा. त्याशिवाय नंतरच्या आकड्याशी तुलना होणार नाही. मग कॅबिनेट उघडून हीटसिंककडे बघा. आपल्याकडे जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचा तूस उडतो, तो पंख्यामागच्या पात्यांवर गादीसारखा बसतो आणि दोष मात्र पेस्टला लागतो. मऊ ब्रश आणि ब्लोअरने तो काढा. फुंकताना पंखा बोटाने धरून ठेवा, भरभर फिरू देऊ नका. एवढ्यानेच तापमान उतरलं तर पेस्टला हात लावू नका. खोलीतल्या पाण्याच्या कुलरच्या झोतात संगणक ठेवला असेल तर आजच हलवा. त्या ओलसर हवेने धूळ चिकटते आणि नुसत्या फुंकण्याने निघत नाही.

तरीही तापत असेल तर पेस्ट घ्या. प्रोसेसरचं झाकण आणि हीटसिंकचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण मध्ये बारीक खाचा असतात आणि त्यांत हवा अडकते. हवा उष्णता अगदी वाईट वाहते, 0.026 वॅट प्रति मीटर-केल्विन. पेस्टचं काम फक्त त्या हवेची जागा घेण्याचं. साध्या चांगल्या पेस्टवर याच मापात 5 ते 8 असा आकडा असतो, महागड्यांवर 12 च्या पुढेही. माझं स्पष्ट मत असं की घरच्या किंवा दुकानातल्या बिलिंगच्या संगणकाला महागडी लागत नाही. दोन चांगल्या पेस्टमध्ये फरक पडतो तो दोन-चार अंशांचा, नीट न पुसल्याने आणि वाकडं बसवल्याने पडतो तो त्याहून कितीतरी मोठा. आर्क्टिक एमएक्स-4 सारखी वीज न वाहणारी पेस्ट पुरेशी आहे. लिक्विड मेटल, म्हणजे पेस्टऐवजी लावायचा पातळ धातू, मात्र आणू नका: त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि ते वीजही वाहतं, थेंब मदरबोर्डवर सांडला की खेळ संपला. टूथपेस्टचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ती काही दिवसांत वाळून भुगा होते.

टेबलावर काढून ठेवायच्या वस्तू थोड्याच. फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, स्क्रू ठेवायला वाटी, चष्मा पुसायचं कापड, खरवडायला प्लॅस्टिकचं जुनं कार्ड आणि 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. सॅनिटायझर चालणार नाही, त्यातलं ग्लिसरीन पृष्ठभागावर राहतं. खोलण्याआधी पंख्याची वायर कुठे लावली आहे त्याचा मोबाइलवर फोटो घ्या.

संगणक दहा मिनिटं चालवून मग बंद करा. कोमट पेस्ट सैल सुटते. वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज घालवा. इंटेलच्या प्रोसेसरसोबत येणाऱ्या कूलरला (पंखा आणि हीटसिंकची जोडी) चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढा. एएमडीच्या एएम4 सॉकेटवाल्यांनी (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) इथे जपावं. या प्रोसेसरच्या पिना त्याच्याच पोटाला असतात आणि वाळलेली पेस्ट त्याला कूलरसकट सॉकेटमधून उपटते. म्हणून सरळ ओढू नका. आधी कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळा, पकड सुटल्यासारखी वाटली की मगच उचला.

जुना करडा थर कार्डाने काढा, मग अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, कापड स्वच्छ निघेपर्यंत. दोन्ही बाजू. पुसल्यावर बोट लावू नका, त्वचेचं तेल बसतं. प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढा ठिपका घाला. इंटेलच्या 12 व्या पिढीपासूनच्या लांबट प्रोसेसरवर लांबीच्या दिशेने एक बारीक रेघ ओढा. कूलर सरळ खाली बसवा, उचलून बघू नका, उचललं की हवा शिरते आणि पुन्हा पुसणं आलं. स्क्रू समोरासमोरचे, तिरपे, थोडे थोडे आवळा. इंटेलच्या खुंट्या आधी उलट फिरवून पूर्वीच्या जागी आणा, मग त्याही तिरप्या जोडीने, टक आवाज येईपर्यंत दाबा. पंख्याची वायर लावली का, हे झाकण लावण्याआधी पुन्हा बघा.

लॅपटॉप असेल तर गोष्ट वेगळी: चिप उघडी असते, म्हणून पूर्ण चिपवर पातळ थर पसरा, आणि शेजारच्या भागांवरच्या मऊ पट्ट्यांच्या जागी पेस्ट भरू नका, तिथे जाडी लागते.

शेवटी तेच जड काम पुन्हा चालवून आकडा घ्या. तो, खोलीचं तापमान आणि तारीख पेनाने चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा. पेस्टच्या सिरिंजचं टोपण घट्ट लावा आणि ती पत्र्याखालच्या खोलीत न ठेवता घरातल्या सावलीच्या कपाटात ठेवा. पुढच्या वेळी आधी तेल बाहेर आलं तर ती टाकून द्या.