सी किती घेतलास?

सिव्हिल करून पाणीपुरवठ्याच्या कामाला लागलो तेव्हा पाइपातल्या घर्षणाने पाण्याचा दाब किती घटतो ते काढायचं हेझन-विल्यम्सचं सूत्र तोंडपाठ होतं. गिरगावच्या बाजूच्या एका लहानशा झोनचं मॉडेल एपानेट या पाइपजाळ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उभं केलं, बिडाच्या सगळ्या पाइपांना सी (पाइप आतून किती गुळगुळीत ते सांगणारा सूत्रातला आकडा) १३० टाकला आणि निर्धास्त झालो. सीनियरने स्क्रीनकडे बघत विचारलं, "हे पाइप काल टाकलेत का रे?"

१३० हा नव्याकोऱ्या बिडाचा आकडा. दुरुस्तीत कापून काढलेला जुना तुकडा त्याने मला हातात घ्यायला लावला. आत तपकिरी गंजाच्या गाठी, बोट फिरवलं तर खरचटेल अशा. या गाठी नुसता खडबडीतपणा वाढवत नाहीत, वाटही अरुंद करतात. ३०० मिमीचा पाइप २७० चा झाला, तर तेवढ्यानेच घर्षणातली हेडलॉस, म्हणजे पाण्याच्या उंचीत मीटरने मोजलेली दाबाची घट, सुमारे ६७ टक्क्यांनी वाढते. जुन्या पाइपाचा सी ८० वर किंवा त्याखालीही जातो, त्यात ही अरुंद झालेली वाटही धरलेली असते.

आता हिशेब बघा. ३०० मिमी व्यास, एक किलोमीटर लांबी, सेकंदाला ६० लिटर पाणी. सी १३० असेल तर अडीच मीटर हेड जातं, ८० असेल तर सहा मीटरच्या वर. प्रवाह १५ लिटरवर आणा : ०.१९ आणि ०.४७ मीटर. फरक उरला २८ सेंटीमीटर. आपल्या साध्या प्रेशर गेजची एक रेघ चौरस सेंटीमीटरला ०.२ किलोची, म्हणजे दोन मीटर हेडची. पाणी संथ असताना घेतलेलं रीडिंग सी बद्दल काहीच सांगत नाही. वेळ निवडा ती भर सप्लायची. तीही पाणी सोडल्या सोडल्या नव्हे, कारण तेव्हा पाइप अजून भरत असतात आणि मॉडेल मात्र ते भरलेलेच धरून चालतं. गेज जमिनीपासून किती उंचावर लावला तेही वहीत लिहा.

हे सगळं सांभाळूनही एका गल्लीत मॉडेलचा दाब जास्त आणि गेजचा कमी. मी काय केलं, तर सी उतरवत उतरवत ४५ वर आणला. आकडे जुळले! साइटवर चावीवाल्याला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या माणसाला, सहज म्हटलं, इथले पाइप फारच खराब दिसतात. तो म्हणाला, "पाइपाचं काय नाय साहेब, व्हॉल्व्ह अडकतो. बावीस आटे पायजेत, चौदालाच थांबतो." सगळी हेडलॉस त्या एका व्हॉल्व्हवर होती आणि मी ती अख्ख्या गल्लीवर पसरून ठेवली होती. व्हॉल्व्ह बदलल्यावर दाब किती वाढेल हे त्या मॉडेलला विचारलं असतं, तर साफ चुकीचं उत्तर आलं असतं. शेजारच्या, त्याच वयाच्या पाइपांचा सी ८५ निघत असेल आणि एकट्या गल्लीचा ४५, तर आधी चावीवाल्याला गाठा.

आणि हो, एपानेटमध्ये सूत्र बदलून डार्सी-वाइसबाख हे घर्षणाचंच दुसरं सूत्र घेतलंत, तर जुने आकडे आपोआप बदलत नाहीत. १३० तसाच राहतो आणि प्रोग्राम तो १३० मिमी खडबडीतपणा म्हणून वाचतो. नव्या बिडाला तिथे हवा असतो ०.२६ मिमीच्या आसपास. मी हे करून बसलोय. झोनभर दाब उणे दिसत होता आणि अर्धा दिवस मी टाकीच्या लेव्हलमध्ये चूक शोधत होतो.