छोट्या दवाखान्यात रुग्णांची स्वनोंदणी कशी सुरू करावी

माझी मोठी बहीण पुण्यातल्या धायरीत दवाखाना चालवते आणि तिथल्या कॉम्प्युटरचं सगळं काम माझ्याकडे आहे. रुग्णांनी स्वतःच मोबाइलवर नाव-पत्ता भरावा, असा फॉर्म मी पहिल्यांदा केला तेव्हा एक सोय म्हणून नियम घातला होता: नाव आणि जन्मतारीख जुळली तर जुनीच फाइल उघडायची. चार दिवसांच्या अंतराने एकाच नावा-आडनावाच्या दोन बायका आल्या. दोघींची जन्मतारीखही एकच, १ जून, आणि सालही तेच. पहिल्या बाईंच्या फाइलवर पेनिसिलिनची ॲलर्जी नोंदलेली होती. दुसऱ्या बाईंनी ॲलर्जीच्या रकान्यात 'नाही' भरलं आणि ते 'नाही' जुन्या नोंदीवर जाऊन बसलं. पहिल्या बाई पुन्हा आल्या तेव्हा बहिणीला त्यांचा चेहरा आठवला, म्हणून निभावलं.

१ जून ही तारीख कुठून येते ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली ती तारीख पुढे आधारवरही आली. तेव्हा स्वनोंदणी सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मला आधी हेच सांगायचं असतं: रुग्णाने लिहिलेली माहिती थेट फाइलमध्ये जाऊ देऊ नका. ती उंबरठ्यावर थांबली पाहिजे आणि काउंटरवरच्या माणसाने बघून आत घेतली पाहिजे.

आधी कागदावर फॉर्म

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि आजचा केस पेपर शेजारी ठेवा. नव्या रुग्णाकडून पहिल्या दिवशी खरोखर काय लागतं तेवढंच उतरवा. आमच्याकडे शेवटी सात रकाने उरले: पूर्ण नाव, वय किंवा जन्मतारीख, स्त्री/पुरुष/इतर, मोबाइल, तो मोबाइल कोणाचा, राहण्याचा भाग आणि कुठल्या औषधाची ॲलर्जी. व्यवसाय, ईमेल, रक्तगट, विमा हे सगळं मी काढून टाकलं. रक्तगट तर रुग्णाने सांगितला म्हणून डॉक्टर धरून चालतच नाहीत, मग विचारायचा कशाला? आधारची झेरॉक्सही मागू नका. ती सांभाळण्याची जबाबदारी उगाच गळ्यात पडते.

'तो मोबाइल कोणाचा' हा रकाना क्षुल्लक वाटेल, पण तो ठेवाच. घरात एक चांगला फोन असतो, आणि आजोबा, सून, दोन नातवंडं सगळी त्याच नंबरवर नोंदली जातात. सिस्टिमने नंबर हीच ओळख धरली तर सगळं घर एका फाइलमध्ये जाईल. 'स्वतःचा, मुलाचा/मुलीचा, नवऱ्याचा/बायकोचा, आईवडिलांचा, शेजाऱ्यांचा' असे पर्याय द्या. रिपोर्ट कुणाच्या फोनवर जाणार हेही त्यातून कळतं. बाईंच्या गरोदरपणाच्या तपासणीचा रिपोर्ट शेजाऱ्यांच्या फोनवर जाऊन चालणार नाही.

वयाचा रकाना दोन्ही पद्धतींनी भरता आला पाहिजे. 'सत्तर-बहात्तर असेल' असं सांगणाऱ्या आजींना दिवस-महिना-वर्ष निवडायला लावलं की त्या काहीतरी निवडतात. अंदाजे वय घ्या आणि शेजारी 'अंदाजे' अशी खूण ठेवा.

फॉर्मच्या अगदी वर, नावाच्याही आधी, ठळक अक्षरांत लिहा: छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, चक्कर येत असेल तर फॉर्म भरू नका, काउंटरवर लगेच सांगा. घरून फॉर्म भरता येत असेल तर १०८ क्रमांकही तिथेच द्या.

पत्ता निवडायचा, टाइप करायचा नाही

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण वाढले आणि संशय पाण्यावर गेला. कोण कुठल्या भागात राहतं आणि कुठलं पाणी पितं, हा प्रश्न एकदम महत्त्वाचा झाला. मी आमच्या जुन्या नोंदी काढल्या, तर अर्ध्याहून जास्त लोकांच्या पत्त्यात फक्त 'सिंहगड रोड'. दांडेकर पुलापासून खडकवासल्यापर्यंतचा रस्ता आहे तो. त्यातून काय कळणार? काहींनी 'नांदेड' एवढंच लिहिलेलं, आणि सॉफ्टवेअरने त्यांना मराठवाड्यातल्या नांदेड जिल्ह्यात नेऊन बसवलं होतं.

म्हणून आता भागांची यादी दिलेली आहे: धायरी, नऱ्हे, वडगाव बुद्रुक, नांदेड (सिंहगड रस्ता), किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला, आणि शेवटी 'इतर'. धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली, नांदेड-किरकटवाडी-खडकवासला २०२१ मध्ये. तरी लोक अजून गावाच्याच नावाने पत्ता सांगतात, त्यामुळे यादीत प्रभाग न देता गावांची नावंच ठेवा. तुमचा दवाखाना हडपसरला किंवा कोथरूडला असेल तर आजूबाजूच्या वस्त्यांची यादी काउंटरवरच्या ताईंकडून करून घ्या, त्यांना ती तोंडपाठ असते. पाणी नळाचं, टँकरचं की बोअरचं, एवढा एक प्रश्न आम्ही पावसाळ्यापुरता जोडतो.

मराठी कीबोर्डची परीक्षा

नाव कुठल्या लिपीत घ्यायचं? लॅबचे रिपोर्ट आणि आभाची, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याची, नोंद रोमन अक्षरांत येते, तेव्हा मुख्य नाव रोमनमध्ये आणि शेजारी देवनागरी नाव ऐच्छिक, हे मला सोयीचं पडलं. फॉर्मचे प्रश्न मात्र मराठीतच हवेत.

मोबाइलच्या रकान्यात एक खोच असते. फोनवर मराठी कीबोर्ड चालू असला की आकडे ९८ असे देवनागरी उमटू शकतात, आणि बहुतेक फॉर्म 'नंबर चुकीचा आहे' म्हणून ते परत फेकतात. समोरच्या काकांना कळतच नाही काय चुकलं. ते तोच नंबर तीनदा टाकतात आणि फोन खिशात घालतात. त्या रकान्याचा प्रकार टेलिफोनचा ठेवा, म्हणजे आकड्यांचाच कीबोर्ड उघडतो. तरीही देवनागरी आकडे आलेच तर ते सिस्टिमने स्वतः बदलून घ्यावेत.

मग गोऱ्हे, ज्ञानेश्वर, कृष्णा, तऱ्हाळकर ही नावं टाकून बघा आणि केस पेपर छापा. पडद्यावर नीट दिसणारं 'ऱ्हे' छापताना फुटू शकतं. असं झालं तर फॉन्ट बदला किंवा विक्रेत्याला कागदच दाखवा.

सिस्टिममध्ये काय चालू करायचं

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये रुग्णांचं पोर्टल, म्हणजे रुग्णाला स्वतः उघडता येणारं पान, असेल तर नव्या रुग्णाच्या नोंदणीची खूण बहुधा वेगळी असते. ओपनईएमआर या मोफत, मुक्त-स्रोत प्रणालीत ती ॲडमिनिस्ट्रेशनखाली कॉन्फिगमध्ये, पोर्टलच्या पानावर मिळते. जुन्या आवृत्त्यांत कॉन्फिगच्या जागी ग्लोबल्स असं नाव दिसेल. आधी पोर्टल चालू करा, त्याचा पत्ता भरा, मगच नोंदणीला परवानगी द्या. तिथली नोंदणी ईमेलवर चालते, त्यामुळे मेल पाठवण्याची सेटिंगही भरावी लागते. ज्यांच्याकडे ईमेल नाही अशांसाठी काउंटरवर टॅबलेट ठेवा.

विक्रेत्याचं सॉफ्टवेअर असेल तर त्याला तीनच प्रश्न विचारा. रुग्णाने भरलेली नोंद 'प्रलंबित' यादीत थांबते का? ती कुणी, कधी स्वीकारली याची नोंद राहते का? जुन्या फाइलमधली माहिती आपोआप बदलते का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर ते बंद करून मिळेपर्यंत सुरू करू नका.

सर्व्हर दवाखान्यातल्याच कॉम्प्युटरवर असेल तर राउटरमध्ये वाट उघडून तो थेट इंटरनेटवर आणू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्यावर सगळ्यांच्या फाइली आहेत. फॉर्म दवाखान्याच्या वाय-फायपुरताच ठेवा. घरून नोंदणी हवीच असेल तर फॉर्म वेगळ्या जागी, सुरक्षित एचटीटीपीएस जोडणीवर ठेवा आणि तिथून नोंदी आत ओढून घ्या.

ओटीपीची घाई नको. आपल्याकडे एसएमएस पाठवायला दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर दवाखान्याची, प्रेषक-नावाची आणि मजकुराची नोंदणी लागते. ते होईपर्यंत ताई काउंटरवरून त्या नंबरवर एक रिंग देतात. समोरच्या खिशात फोन वाजला की नंबर बरोबर.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या 'स्कॅन अँड शेअर'मध्ये रुग्ण आभा ॲपने दवाखान्याचा क्यूआर स्कॅन करतो आणि त्याची माहिती न टाइप करता पोचते. त्यासाठी दवाखाना मिशनच्या आरोग्य सुविधा नोंदणीत असावा लागतो आणि सॉफ्टवेअर मिशनला जोडलेलं असावं लागतं. सोय चांगली आहे, पण १४ अंकी आभा क्रमांक नसला म्हणून कुणाला परत पाठवू नका. तो ऐच्छिक आहे.

काउंटरवरची पडताळणी

इथे वेळ द्या. नवी नोंद आली की सिस्टिमने मिळत्याजुळत्या जुन्या फाइली दाखवाव्यात: मोबाइल तोच, पहिलं नाव साधारण तेच, वयात दोन-तीन वर्षांचा फरक. आडनावावर भर देऊ नका, लग्नानंतर ते बदलतं. ताईंनी रुग्णाला विचारायचं, "आधी कधी आला होतात? कशासाठी?" उत्तर जुन्या फाइलशी जुळलं तरच ती उघडायची. शंका असेल तर नवी फाइल करायची. दोन फाइली नंतर एक करता येतात. एकात मिसळलेली दोन माणसं वेगळी करताना मात्र प्रत्येक नोंद कुणाची, ते आठवत बसावं लागतं.

ॲलर्जीचा रकाना रुग्णाने 'नाही' भरला तरी जुनं 'आहे' पुसलं जाता कामा नये. दोन्ही डॉक्टरांना दिसू देत, पुसायचं की ठेवायचं ते डॉक्टर ठरवतील.

क्यूआर आणि टॅबलेट

नोंदणीचा क्यूआर पैसे भरण्याच्या क्यूआरशेजारी लावू नका. आम्ही लावला होता. लोक फोन काढून विचारायचे, "किती टाकू?" आता तो दाराशी, चपला काढायच्या जागेवर आहे आणि वर मोठ्याने लिहिलंय: 'नाव नोंदवण्यासाठी. पैसे भरण्यासाठी नाही.' त्यावर दुसरा कुणी स्टिकर चिकटवलेला नाही ना, ते रोज सकाळी दार उघडताना बघायचं.

टॅबलेटवर ब्राउझरची जुनं लिहिलेलं सुचवण्याची सोय बंद करा. नाहीतर 'स' टाइप केला की आधीच्या रुग्णाचं नाव आणि नंबर पुढच्याला दिसतो. मिनिटभर कुणी हात लावला नाही तर फॉर्म कोरा होऊन पहिल्या पानावर आला पाहिजे.

संमती

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायला हवा, असं तो सांगतो. मराठी त्यात आहे. थोडक्यात लिहा: कुठली माहिती घेतो, कशासाठी, कुणाला दाखवतो, संमती मागे घ्यायची तर कुणाला भेटायचं, आणि डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार कशी करायची. खुणेची चौकट आधीच भरून ठेवू नका. ऑफर-शिबिरांचे मेसेज पाठवायचे असतील तर त्याची चौकट वेगळी. लहान मुलांचा फॉर्म आईवडिलांनी भरायचा.

सुरुवात आणि गुरुवार

पहिले दोन आठवडे केस पेपर चालूच ठेवा आणि दुपारच्या मोकळ्या वेळेतच स्वनोंदणी घ्या. सुरू करण्याआधी पाच जणांकडून फॉर्म भरून घ्या, त्यात एक साठीच्या पुढचे हवेत आणि एक चष्मा घरी विसरलेले. मागे उभं राहून फक्त बघा, मदत करू नका. बोट जिथे थबकतं, तो प्रश्न बदला. ज्याला फोनवर भरायचं नाही त्याचं नाव ताईंनी लिहायचं, आणि त्याचा नंबर मागे जाऊ द्यायचा नाही.

पुण्यात देखभालीसाठी वीज जाते ती बहुतेक गुरुवारी. त्यासाठी फॉर्मच्याच क्रमाने सात रकाने छापलेले अर्ध्या पानाचे कागद काउंटरच्या खणात ठेवा. वीज आली की ताई त्यावरून प्रलंबित यादीत नोंदी भरतात, स्वीकारून झाल्या की प्रत्येक कागदावर रेघ मारतात, आणि दवाखाना बंद करताना कागद बारीक फाडून टाकतात.