घरच्या घरी हेड गॅस्केट: खरं काम पृष्ठभागाचं

साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढता चढता माझ्या मारुती ८००चा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. गाडी बाजूला घेतली, पण उशीर झाला होता. पुढचे दोन दिवस रेडिएटरचं पाणी रोज कमी, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, आणि डिपस्टिकवर चहात बिस्कीट विरघळल्यासारखं ऑइल. (थंडीत नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली फेस दिसला तर घाबरू नका. गाडी जवळच्या जवळ फिरत असली की तसं होतं.) कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र) लावलं तर दोन आणि तीन नंबरचे सिलिंडर पडलेले. शेजारचे दोन एकदम पडले म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, त्यांच्या मधोमध जळलेलं.

दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये हेच काम करून घेतलं होतं. आठ महिने टिकलं. हेड सरळ आहे का हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. म्हणून या वेळी पुण्यात धायरीतल्या आमच्या पार्किंगमध्ये स्वतःच बसलो.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हात लावा. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, मग रेडिएटरमधलं कुलंट घमेल्यात उतरवा. ते उघडं ठेवू नका. चवीला गोड असतं आणि सोसायटीतल्या कुत्र्या-मांजरांना विष आहे. टायमिंग बेल्ट (पिस्टनच्या तालात व्हॉल्व्ह उघडवणारा पट्टा) काढण्याआधी खुणा जुळवून घ्या. मी त्यावर बायकोच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले. परवानगी नंतर घेतली. चपलांच्या खोक्यावर इंजिनाचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचला की जुळवताना डोकं लागत नाही.

हेडचे बोल्ट बाहेरून आत, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे सैल करा. एकदम काढलेत तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. हेड चिकटलं असेल तर रबरी हातोडीने बाजूने ठोका. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका.

आता मुख्य गोष्ट. जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. ग्राइंडरची चकती लावलीत तर दिसायला चकाचक आणि आत खड्डे. मग हेडवर स्ट्रेट एज (अगदी सरळ पट्टी) ठेवून तिच्या खालून फिलर गेजची पाती (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) सरकवायची: उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर. माझी ०.०५ मिलिमीटरची पाती कडेला अडत होती, पण दोन-तीनच्या मध्ये अशी सुळकन गेली की पोटात गोळा आला. म्हणजे तिथे हेड वाकलेलं. नाना पेठेत गॅस्केटचा सेट घ्यायला गेलो तेव्हा हेड बरोबरच नेलं. लेथवाला म्हणाला, "साहेब, एवढ्याशाला कशाला फेसिंग?" मी पाती पुन्हा सरकवून दाखवली. मग गप्प बसून हेड मशीनवर सपाट करायला घेतलं. गरजेपुरतंच घासायला सांगा, जास्त कापलं की कॉम्प्रेशन वाढतं. ब्लॉकही असाच तपासा.

ब्लॉकमधली बोल्टची भोकं कापडाने कोरडी करा. तळाशी ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना त्याला जायला वाट नसते. टॉर्क (आवळण्याचा जोर) खोटा दाखवतो, प्रसंगी ब्लॉकही तडकतो. गॅस्केट कोरडंच बसवा, ऑइलचं भोक जुळतंय ना बघा. बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळा. आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलचा घ्या, शेजारच्या काकांचा नको. ताणले जाणारे (आवळताना कायमचे लांबणारे) बोल्ट असतील तर नवेच घाला. बेल्ट चढवून इंजिन पान्याने हाताने दोनदा फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, खुणा पुन्हा बघा.

आणि गाडी मुळात का तापली, ते शोधल्याशिवाय स्टार्टर मारू नका. माझ्याकडे रेडिएटरच्या पंख्याचा थर्मोस्विच (पाणी तापलं की पंखा चालू करणारा) मेला होता. तो बदलला नसता तर नवं गॅस्केटही गेलंच असतं.

ऑइल आणि फिल्टर नवे, नवं कुलंट. हीटर पूर्ण उघडा ठेवून पंखा सुरू होईपर्यंत गाडी चालू ठेवा. संध्याकाळी जुन्या कात्रज घाटात गेलो, काटा मध्यावरून हलला नाही. सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडलं तर पाणी बोटभर खाली. आत अडकलेली हवा निघाली होती. भरलं. परवा पाहिलं तेव्हा तेवढंच होतं.