खर्चकपात विकासाला किती भोवेल, हे कसं ताडायचं?

आधी मूळ अंदाज (वर्षाच्या सुरुवातीचा) आणि सुधारित अंदाज (नंतर बदललेला) शेजारी मांडा. पुणे महापालिकेचं अंदाजपत्रक असो वा राज्याचा अर्थसंकल्प, कात्री बहुधा वर्षाच्या मध्यावर लागते. घोषणेच्या आकड्यावर विसंबू नका.

मग कपात महसुली (पगार-पेन्शनसारखा रोजचा खर्च) की भांडवली (रस्ते-पुलांसारखी कामं), ते वेगळं करा. सगळं इथेच ठरतं. राष्ट्रीय लोकवित्त व धोरण संस्थेच्या 2013 च्या अभ्यासात भारतासाठी भांडवली खर्चाचा गुणक (एक रुपया खर्चामागे उत्पन्न किती रुपयांनी बदलतं तो आकडा) 2.45 आला, इतर महसुली खर्चाचा 0.99. म्हणजे 100 कोटींचा उड्डाणपूल रद्द झाला तर देशाचं उत्पन्न साधारण 245 कोटींनी घटतं: ठेकेदाराचं बिल, मजूर अड्ड्यावरची रोजंदारी, किराणा दुकानाची उधारी. एकट्या पुण्यापुरता गुणक कमी धरा, कारण सिमेंट-सळई बाहेरून येते. पगार, पेन्शन, व्याज टाळता येत नाही म्हणून कात्री रस्ते-पाण्यावर चालते. काटकसरीचा याहून महाग मार्ग नाही.

बचतही पूर्ण धरू नका. 245 कोटींवर 17 टक्के कर धरला तर सुमारे 42 कोटींचा महसूल बुडतो, उरतात 58.

महागाई आणि व्याजदर चढे असतील तर मात्र फटका सौम्य बसतो, कारण सरकारी खर्च घटला की त्यांना उतरायला वाव मिळतो.