जुना एअर ग्राइंडर घरच्या लेथवर बसवताना

सांगली-कुपवाडच्या फाउंड्र्यांत कास्टिंगच्या फेटलिंगसाठी (ओतकामावरचा जास्तीचा धातू घासून काढण्यासाठी) वापरून झालेले, हवेवर चालणारे डाय ग्राइंडर (छोटा दगड वेगाने फिरवून घासणारी हातातली अवजारे) अधूनमधून भंगारात येतात. घरच्या लेथवर (काम फिरवत ठेवून धातू कापणाऱ्या यंत्रावर) कडक केलेल्या शाफ्टचे शेवटचे दोन-तीन शतांश मिलिमीटर घासून काढायचे असतील, तर असा ग्राइंडर टूलपोस्टच्या (कापणारे हत्यार धरणाऱ्या भागाच्या) जागी बसवता येतो.

प्रथम तो उघडावा. बहुधा आतली पाती आटलेल्या तेलाने रोटरच्या (हवेने फिरणाऱ्या भागाच्या) खाचांत चिकटलेली असतात. ती डिझेलने धुऊन खाचांत स्वतःच्या वजनाने सरकतात का, हे पाहावे. कॉलेटमध्ये (दगडाची दांडी धरणाऱ्या पकडीत) सरळ पिन धरून डायल गेज (सूक्ष्म हालचाल दाखवणारे मापक) लावावा आणि बेअरिंगमध्ये खेळ आढळला, तर ती बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खरे काम ग्राइंडर धरणाऱ्या ठोकळ्याचे आहे. कंपाउंड स्लाइड (टूलपोस्टखालची, कोनात फिरवता येणारी सरक) बेडच्या (लेथच्या लांब पायाच्या) रेषेशी ५ अंश ४४ मिनिटे तिरकी करून आवळावी आणि तिच्यावर टूलपोस्टऐवजी ॲल्युमिनियमचा ठोकळा पक्का करावा. आधी चकमधल्या (लेथच्या फिरत्या पकडीतल्या) ड्रिलने, मग दोन सेंटरमध्ये (लेथच्या दोन टोकांच्या अणकुचीदार आधारांत) धरलेल्या बोअरिंग बारने (भोक मोठे करणाऱ्या दांडीने), कॅरेज (बेडवरून सरकणारा, कंपाउंड वाहणारा भाग) सरकवत ग्राइंडरच्या अंगाच्या मापाचे भोक पाडावे. ते आपोआप सेंटर हाइटला (लेथच्या अक्षाच्या उंचीला) आणि बेडला समांतर येते. या कोनामुळे कंपाउंडच्या डायलवर ०.०५ मिमी दिले, तरी दगड केवळ ०.००५ मिमी पुढे जातो, म्हणजे व्यास ०.०१ मिमीने उतरतो. ठोकळ्याला एका बाजूने चीर देऊन एकाच ॲलन बोल्टने बेताने आवळावे. माझा पहिला ग्राइंडर मी दोन पट्ट्यांत पिळून आवळला होता. त्याचे अंग चेपले आणि रोटर जागीच अडकला.

२५ मिमीचा दगड मिनिटाला २५,००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ३३ मीटर वेगाने घासतो. यापेक्षा मोठा दगड लावण्याचा मोह टाळावा, दांडी कॉलेटबाहेर कमीत कमी ठेवावी आणि सुरू करताना गॉगल लावून पहिले मिनिटभर बाजूला उभे राहावे. हवेचा दाब ६ बारच्या आसपास पुरतो. मात्र ग्राइंडर हवा भरपूर खात असल्याने लहान कंप्रेसरची टाकी भरेपर्यंत मध्ये मध्ये थांबावे लागते. पावसाळ्यात टाकीतले पाणी रोज सोडावे आणि कामापूर्वी हवेच्या तोंडात तेलाचे दोन-चार थेंब टाकावेत.

ग्राइंडर आपल्या बाजूला, तोंड हेडस्टॉककडे (चक असलेल्या टोकाकडे) करून बसवला असेल, तर बहुतेक वेळा लेथ उलटा आणि सावकाश फिरवावा लागतो, कारण जिथे दगड टेकतो तिथे दोन्ही पृष्ठभाग विरुद्ध दिशांना सरकायला हवेत. चक आट्यांवर बसणारा असेल, तर उलटे फिरवताना लेथ झटक्याने सुरू करू नये, नाहीतर चक सुटतो.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दगडाची पूड. बेडवरचे तेल आधी पुसून घ्यावे, कारण पूड तेलालाच चिकटते. वर ओले वर्तमानपत्र अंथरावे, आणि काम संपताच कागद तसाच गुंडाळून बेड कोरड्या फडक्याने पुसून मगच ताजे तेल लावावे.